रेतीतले दांडे

बुटीबोरीच्या रस्त्यावर एक मिस्त्री आहे. ट्रकचा हाताने टाकायचा गिअर काढून त्याच्या जागी आपोआप पडणारा बसवून देतो. माझे दोन्ही ट्रक त्यानेच बदलून दिले. बोलताना प्रत्येक वाक्याआधी त्याचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा जमिनीवर दबतो. काढलेले गिअरचे दांडे तो भंगारात देत नाही, गाडीचा नंबर लिहून रेतीच्या ड्रममध्ये उभे रोवून ठेवतो.

"हे काहून ठेवून राहिले गा?" मी एकदा विचारलं.

पाय दबला. "दांडा गेला हे गाडीले समजाले वेळ लागते, भाऊ."

काल दुपारी आम्ही चहा पीत होतो. माझे दोन्ही ट्रक सकाळीच बैतूलकडे निघाले होते. मध्येच तो उठला, पाय दाबला आणि माझ्या एका ट्रकचा दांडा हळूच मागे ओढला. पाचेक मिनिटांत घाटातून त्याच ट्रकच्या ड्रायव्हरचा फोन आला.

"मालक, उतारावर ब्रेक लागूनच नव्हता राहिला. गिअर आपोआप खाली आला म्हणून वाचलो."

"त्यासाठीच तर बसवला," म्हणत मी हसलो.

मिस्त्री हसला नाही. तो शेजारचा दांडा दोन्ही हातांनी मागे ओढत होता. दांडा माझ्या दुसऱ्या ट्रकचा होता, आणि तो जागचा हलत नव्हता.