शौकतचा मार्च एंड

सनाचा फोन आला तेव्हा मी सिन्नरच्या एसटी स्टँडवर भावाची वाट बघत उभा होतो. पुतण्याचा साखरपुडा होता, हातात पेढ्यांचा खोका होता आणि डोक्यात एवढंच होतं की चारच्या आत नाशिकला परतायचं. रविवार होता आणि रविवारी चार वाजता शौकतकडे जायचं, हे गेली कित्येक वर्षं ठरलेलं होतं. "दत्ताकाका, अब्बू गेले," सना म्हणाली. मी विचारलं, "कुठे? मनमाडला?" तिनं तेच शब्द पुन्हा सांगितले, सावकाश, आणि मला कळलं. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊ आल्यावर मी पेढे त्याच्या हातात दिले आणि नाशिकची पहिली दिसली ती बस पकडली. मनमाड तोंडात का आलं, ते बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. शौकत मूळचा तिथला. त्याचे वडील रेल्वेत होते, सना आता तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. शौकत 'गेला' म्हणजे मनमाडला गेला, असंच आजवर व्हायचं.

शौकत आणि मी अंबडच्या एकाच कारखान्यात वीसहून जास्त वर्षं काढली. मी टूलरूमला, म्हणजे साचे आणि डाय बनवणारा. तो तपासणीला, म्हणजे मी बनवलेलं परत पाठवणारा. ओळखच भांडणातून झाली. माझी पहिली डाय त्यानं परत धाडली आणि मी तावातावानं त्याच्या टेबलापाशी गेलो. "केसभर फरक आहे," तो म्हणाला. "केसभरच तर आहे ना!" मी म्हणालो. त्यानं स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "कुणाच्या केसाएवढा? माझ्याकडे नाहीत. तुझा दे, मोजून बघतो." आणि खरोखर मायक्रोमीटर पुढे केला. मी हसलो, तिथेच हरलो. डाय मात्र मला पुन्हा करावीच लागली.

व्हिडिओ गेमचा कन्सोल त्याच्या घरात आला तो सनासाठी, तिला दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून. टीव्हीला जोडायचा काळा डबा आणि दोन कंट्रोलर. सना महिनाभर खेळली आणि अकरावीच्या अभ्यासाला लागली. डबा धूळ खात पडला. शौकतला चालू वस्तू बंद पडलेली बघवत नसे. "खराब होतोय का ते बघू" म्हणून त्यानं एकदा तो लावला, आणि मग दर रविवारी तो खराब होतोय का ते बघण्याचं काम सुरू झालं. साक्षीदार म्हणून त्यानं मला बोलावलं. रुबीनाभाभी कॉलनीत सगळ्यांना सांगायच्या, "लेकीचं खेळणं बापानं पळवलं, आणि जोडीला दत्ताभाईंना घेतलं." पन्नाशीकडे झुकलेले दोन पुरुष सोफ्यावर शेजारी शेजारी बसून टीव्हीवरच्या राक्षसाला शिव्या घालताहेत, हे दृश्य पाहुण्यांना दाखवावं की लपवावं, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही.

पण शौकत तपासनीस होता. नुसतं खेळून त्याचं समाधान कसं व्हावं? पहिल्याच वर्षी त्यानं ठरवलं की या डब्याचं वर्ष कसं गेलं याचा निकाल लावायचा. इंटरनेटवर असे निकाल डिसेंबरातच लागतात, मी त्याला दाखवले. त्यानं मान हलवली. "डिसेंबरात रंग ओला असतो. त्यावर बोट लावून बघतात का? तीन महिने थांबायचं. जाहिरातींचा आवाज बसतो, मग खरा माल दिसतो. आपलं वर्ष कारखान्यासारखं, मार्च एंडला बंद." म्हणून मार्चचा शेवटचा रविवार. त्यासाठी त्यानं कारखान्यातल्या तपासणी पत्रकासारखंच पत्रक घरी तयार केलं. वर्षभरात आलेले खेळ, त्यातले शेवटपर्यंत खेळलेले, अर्धवट टाकलेले आणि का टाकले, मार्चमध्येही पुन्हा लावावासा वाटणारा एखादा आहे का. खाली तीनच शब्द: पास, रिवर्क म्हणजे दुरुस्तीला परत, आणि रिजेक्ट. त्यातल्या एकाभोवती गोल. पत्रकावर दोघांच्या सह्या लागत आणि सहीच्या आधी भांडण लागे.

एक वर्ष असं आलं की सगळं जग त्या कन्सोलचं गुणगान करत होतं. एकामागून एक मोठे खेळ, सोन्याचं वर्ष म्हणत होते. मीही पासभोवती गोल करून मोकळा झालो. शौकतनं माझा गोल खोडला आणि रिजेक्टभोवती काढला. "अकरा आणले, पुरे केले दोन," तो म्हणाला. "बाकीच्यांत काय? पळा, गोळा करा, बुरुजावर चढा, पुढचा बुरूज बघा." मी म्हणालो, "पण केवढे मोठे आहेत! महिनाभर फिरलं तरी नकाशा संपत नाही." "नाशिक-मनमाड रस्ताही लांब आहे. एसटीत बसून तू कधी म्हणालास का, वा, काय रस्ता आहे, संपूच नये?" आणि त्यातला एक खेळ आला तोच नादुरुस्त आला होता, चालता चालता माणूस जमिनीत गडप व्हायचा. दुरुस्ती मागाहून दोन महिन्यांनी आली. ते शौकतच्या फारच जिव्हारी लागलं होतं. "माल आधी पाठवायचा आणि तपासणी गिऱ्हाइकानं करायची? आपण असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवर उभे असतो, बाहेरच्या बाजूला." मी सही करीत नव्हतो. भाभींनी शीरखुर्म्याच्या वाट्या आणल्या आणि म्हणाल्या, सही होईपर्यंत मिळणार नाही. मी सही केली.

मग माझा अपघात झाला. नव्या डायची चाचणी घेताना प्रेसमध्ये उजवा हात गेला. घाई माझीच होती, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. जखम भरली, स्टोअरमध्ये बदलीही मिळाली, पण ज्या हातानं आयुष्यभर केसभर फरक ओळखला तो हात मला बघवेना. कोणाकडे जाणं नको, येणं नको. रविवारी तर नकोच. कंट्रोलरच्या वरच्या कडेला जी बटणं असतात ती नेमकी या दोन बोटांनी दाबायची असतात. शौकत यायचा, बसायचा, कारखान्यातलं काहीबाही सांगायचा आणि खेळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दोन महिन्यांनी एका रविवारी तो कन्सोलच पिशवीत घालून माझ्या घरी सिडकोत आला. टीव्हीला जोडला, सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या बटणांची अदलाबदल केली आणि कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. "वरची दोन बटणं आता डावीकडे. जमत नसेल तर सांग, पण आधी दाबून बघ."

खेळ जुना होता, लहानसा. दोघांनी मिळून नदीतून नाव न्यायची. एकानं डावीकडून वल्हवायचं, एकानं उजवीकडून. दोघांचा ताल जुळला तर नाव पुढे, नाहीतर खडकावर. पहिल्या दिवशी आम्ही एकाच खडकावर इतक्यांदा आपटलो की माझी बायको आतून म्हणाली, "तो खडक ओळखीचा झाला असेल तर चहाला बोलवा त्याला." मी हसलो. घरात किती दिवसांनी हसलो ते मला नाही, पण बायकोला माहीत होतं... ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. वर्षभर आम्ही तो एकच खेळ खेळलो. जमायला लागलं तसा मी पुन्हा त्याच्या घरी जायला लागलो. शेवटचा धबधबा पार केला त्या दिवशी शौकतनं उठून कडकडून हात मिळवला, माझा उजवा हात, जो तोवर मी कुणाच्या हातात देत नव्हतो.

ते वर्ष कन्सोलसाठी दुष्काळाचं होतं. नवीन असं काही आलंच नव्हतं, सगळीकडे नावं ठेवणं चाललं होतं. मार्च एंडला शौकतनं पत्रक काढलं आणि सरळ पासभोवती गोल केला. इतक्या वर्षांत त्यानं दिलेला पहिला पास! आणि मला राग आला. आजही सांगताना लाज वाटते, पण आला. मी म्हणालो, "सोन्याचं वर्ष रिजेक्ट आणि हे पास? माझ्या हाताची दया आली म्हणून ना? मला नको तुझा पास." तो काही बोलायच्या आत मी चपला घातल्या. तीन रविवार गेलो नाही. कारखान्यात दिसला तर मान फिरवली.

चौथ्या आठवड्यात रुबीनाभाभींचा फोन आला. त्या सहसा फोन करीत नसत. म्हणाल्या, "दत्ताभाई, तुमच्या घरी तो खोका आणायच्या आधी महिनाभर हे रोज हाताची दोन बोटं रुमालानं बांधून खेळत बसायचे. मला वाटलं, यांनाही लागलं. विचारलं तर म्हणे, कोणतं बटण कुठे ठेवावं ते बसून कळत नाही, हातालाच विचारावं लागतं. आता तीन रविवार नुसते दाराकडे बघत बसतात. तुम्ही या. भांडायचं असेल तर इथे येऊन भांडा."

गेलो. शौकतनं माझ्याकडे न बघता तेच पत्रक पुढे केलं. "शेरा वाच. त्या दिवशी वाचलाच नाहीस." खाली त्याच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'द. उतारावर घाई करतो. तिथे पाच वेळा नाव फुटली, पाचही वेळा चूक त्याची. सुधारणा आवश्यक.' मी वर बघितलं. "दया केली असती," तो म्हणाला, "तर हे लिहिलं असतं का? अरे, इतकी वर्षं तपासणीला काढली, दया म्हणून एक बुशिंग सोडलं नाही, आख्खं वर्ष सोडीन? वर्षभर एकच खेळ चालला. खेळ तुटला नाही, खेळणारे कंटाळले नाहीत. अजून कसला माल लागतो पास करायला?" मी म्हणालो, "पाच नाही, चार वेळा माझी चूक. एकदा तुला शिंक आली होती." त्यानं विचार केला, पाचाचा चार केला आणि पेन माझ्या हातात दिलं. डाव्या हातानं सही करायला मी तोवर शिकलो होतो.

त्यानंतरही वर्षं आली, बहुतेक रिवर्क, एखादं रिजेक्ट. तो निवृत्त झाला, पुढे मीही. त्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पेरू खात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ खेळलो, तो हरला आणि पेरूच्या बिया दातात अडकल्यामुळे हरलो असं त्यानं जाहीर केलं. पुढच्या रविवारी सनाचा फोन आला.

यंदा मार्चचा शेवटचा रविवार जवळ आला तसं मी ठरवलं होतं की तिकडे फिरकायचं नाही. शनिवारी भाभींचा निरोप आला, सना मनमाडहून आली आहे, चारला या. सनानं पत्रक तयार ठेवलं होतं. कन्सोल मनमाडला नेऊन गेल्या वर्षीचे खेळ ती पंधरा दिवस एकटी खेळत होती म्हणे. मी पेन उचललं आणि पासभोवती गोल करायला लागलो. तिनं माझा हात धरला. "काका, अब्बूंचं शेवटचं वर्ष म्हणून ना?" उत्तराची वाट न बघता तिनं पत्रकावर बोट ठेवलं. "पुरे झालेले तीन, टाकलेले सात. त्या शर्यतीच्या खेळात पावसात गाडी वळतच नाही. रिवर्क." मी म्हणालो, तीन वाईट नाहीत. ती म्हणाली, चांगलेही नाहीत. वीस मिनिटं भांडलो, आवाज चढवून, अगदी व्यवस्थित. सही रिवर्कवर झाली.

मग भाभी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सोफ्यावर माझ्या शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. "ती नाव लावा," म्हणाल्या, "बघू तरी काय होतं त्यात." सनानं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला, कोणतं बटण ते दाखवलं. नदी सुरू झाली. मी सांगत होतो, हळू, भाभी, हळू. त्यांनी जोरात वल्हं मारलं आणि नाव सरळ पहिल्याच खडकावर जाऊन फुटली. भाभींनी जीभ चावली, चटकन आतल्या खोलीकडे बघितलं आणि हळूच मला म्हणाल्या, "यांना नका सांगू हं."

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. आधी हसल्या त्या भाभीच. मग सनानं नाव पुन्हा पाण्यात सोडली.