मेईलानचं नाव आणि समोरचा फोटो

यतिन पुण्याचा असून स्वतःचं मत सांगण्याआधी समोरच्याचं विचारतो. मॉसन लेक्सच्या युनिमध्ये तो अकाउंटिंग शिकायला आला, हातखर्चासाठी अ‍ॅडलेडमधल्या एका वृद्धाश्रमात शिफ्ट करू लागला आणि म्हाताऱ्यांना प्रश्न विचारता विचारता तिथेच रमला. आता पीआर आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहायची परवानगी, पोटापुरतं मिळतं, आणि अकाउंटिंगचं नाव काढलं की विषय बदलतो. मी त्याच वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये आहे. लग्न झालं तेव्हा मला नवरा पसंत होता का, हेसुद्धा त्याने मला कांदा चिरताना विचारलेलं आहे. मी त्याला लसूण सोलायला बसवलं, पण उत्तरही दिलं.

२०२१च्या डिसेंबरअखेर ओमायक्रॉन आला आणि आमच्याकडे सगळ्यांना आपापल्या खोलीत बसवलं. भेटायला येणं बंद, डायनिंग हॉल बंद, फक्त दारं उघडी. तेव्हा यतिनने प्रत्येकाच्या दाराशेजारी भिंतीवर एक पोस्टर लावायचं ठरवलं: फोटो, गाव, आयुष्यातली एखादी मोठी गोष्ट. समोरच्याला बघायला काहीतरी हवं, म्हणाला. आठवडाभर तो ग्लोव्ह्ज घालून खोल्याखोल्यांत चौकशा करत फिरत होता. असा आनंदी माणूस मी त्या साथीत दुसरा पाहिला नाही.

मिस्टर फान आणि मिसेस हार्टली यांच्या खोल्या समोरासमोर. दोघंही नव्वदीपार. फान चीनमधल्या चोंगचिंगचे. मिसेस हार्टली माहेरची फुमिको, जपानमधल्या कुरे गावची. युद्धानंतर ऑस्ट्रेलियन सोल्जरशी लग्न करून इथे आली. फानची मुलगी पर्थला, आणि तिकडची बॉर्डर बंद. फुमिकोचा मुलगा याच शहरात असून आत येऊ शकत नव्हता. म्हणजे दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. दोघं कित्येक वर्षं ‘गो’ खेळत, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा तो खेळ. आता पट कॉरिडॉरच्या मधोमध टेबलावर असे, आणि दोघं खुर्चीतून सांगतील तशी सोंगटी यतिन हलवी.

पोस्टरसाठी फानने सांगितलं, लहान बहीण मेईलान, सहा वर्षांची, जपानी विमानांच्या बॉम्बमध्ये मारली गेली. तिचा फोटो नाही, निदान नाव मोठं लिही. फुमिकोने थोरल्या भावाचा फोटो काढून दिला. लष्करी गणवेशातला. हा चीनमध्ये लढायला गेला आणि परत आला नाही, म्हणाली.

आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, युद्ध नकोच, बागकामाची आवड लिहा. यतिनला ते पटेना. पण दोन्ही गोष्टी जशाच्या तशा समोरासमोर लावायचा धीरही होईना. मला विचारायला आला. मी म्हटलं, आपल्या लग्नाच्या पंगतीत दोन भांडलेले काका असले की आपण काय करतो? दोघांनाही सारखंच वाढतो, कोणाला कमीजास्त नाही. कर तसं काहीतरी. झालं. त्याने दोन्ही पोस्टरवर एकच वाक्य छापलं: युद्धात भावंड गमावलं. फुमिकोच्या पोस्टरवर भावाचा फोटो तेवढा चिकटवला.

करायला गेला गणपती, झाला मारुती. फानने ते वाचलं, समोरच्या भिंतीवरचं वाचलं आणि दार लावून घेतलं. खेळ थांबला. जेवणाचे ट्रे जसेच्या तसे परत येऊ लागले. त्या वयात माणूस जेवण सोडतो तेव्हा पुढे काय होतं, ते आम्हा किचनवाल्यांना ठाऊक असतं. मी घाबरले.

त्यातच संक्रांत आली. मी कवळीला झेपतील अशा मऊ तिळाच्या वड्या केल्या आणि यतिनला म्हटलं, जा, दे, आणि गोड बोला म्हणून सांग. तो गेला आणि वाटी तशीच घेऊन परत आला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, माझी बहीण घरी होती, ताई. तो माणूस तिथे आला होता. दोघांना एकच वाक्य कसं?” यतिन वाटीकडे बघत राहिला. “आणि मला एवढी साधी गोष्ट स्ट्राइक झाली नाही.”

मला आधी रागच आला. इतकी वर्षं एकत्र खेळलात, आता कसले हिशेब? पण रात्री अंथरुणावर विचार करताना वाटलं, सगळ्यांना सारखं वाढायची आपली रीत पंगतीत ठीक आहे. मेलेल्या सहा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत ती लबाडीच आहे. आणि सल्ला माझा होता.

दुसऱ्या दिवशी यतिन फुमिकोकडे गेला आणि काही न लपवता, फानने दार का लावलं ते त्याने सांगितलं. ती म्हणाली, आधी त्याचं लिही, त्याने सांगितलं तसं, जपानी विमानं या शब्दासकट. मग माझं. तिने सांगितलेलं यतिनने तसंच छापलं: ‘माझा भाऊ सैनिक होऊन चीनमध्ये गेला. तिथे त्याने काय केलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. त्याच्यावर माझं फार प्रेम होतं.’ आणि फोटो काढून टाक, म्हणाली. फानला उठल्यासुटल्या तो गणवेश दिसायला नको.

यतिनने दोन्ही कागद बदलले, फानच्या कागदावर मेईलानचं नाव मोठ्या अक्षरांत. फुमिको दारात खुर्ची ओढून बसली होती, मी ट्रे घेऊन आले होते. त्याने फोटोची टेप सोडवायला घेतली, तेवढ्यात मागचं दार उघडलं. फान वॉकर धरून उभे होते. त्यांनी आपल्या भिंतीवरचं वाचलं, मग फुमिकोचं. फार हळू वाचलं. मग फोटोतल्या त्या पोरगेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

“काढू नकोस,” ते म्हणाले. “तो तिथेच राहू दे. त्याला तिचं नाव वाचू दे.”

फुमिकोने बसल्या जागी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. यतिनने टेप परत दाबून बसवली. मी मास्कच्या आत रडत होते, आणि हातात ट्रे असल्यामुळे मला नाकही पुसता येत नव्हतं.