कासवांचं काचघर

लॉकडाऊनच्या पहिल्या वसंतात शेजारच्या डच आजी वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांची दोन कासवं नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या घरी आली. माझ्या मुलीने परस्पर हो म्हणून टाकलं होतं.

कासवांना ऊब हवी, म्हणून कुणाचं तरी जुनं ग्रीनहाऊस आणलं. काचा वेगळ्या, सांगाडा वेगळा, आणि काय कुठे बसतं हे सांगणारा कागद गायब. नवरा दोन मीटिंगांच्या मधे येऊन एक स्क्रू पिळायचा आणि "आलोच" म्हणून पळायचा. काचा मीच धुतल्या, मीच बसवल्या. तिसऱ्या दिवशी मोठं कासव चौकटीखालची माती उकरून पसार झालं, ते सायकलींमागे सापडलं. मग कडेने फरशा पुरल्या. इतकं करूनही दोघं काही खाईनात.

शेवटी आजींना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण सकाळचं ऊन तुमच्या शेडमुळे अडतंय. पलीकडच्या कोपऱ्यात हलवा."

फोन मुलीच्या हातात कोंबून मी आत आले. रागाने रडूच येत होतं. खिडकीतून पाहिलं, तर मुलगी मातीत पालथी पडून कासवांसमोर फोन धरून होती आणि आजी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या.

"पाना कुठे ठेवलायस रे?" मी नवऱ्यावर ओरडले. त्याने घाईघाईने मीटिंग म्यूट केली.

त्या शनिवारी आम्ही ग्रीनहाऊस काच न् काच सुटं करून पुन्हा उभं केलं. सोमवारी कासवं खायला लागली.