दातांची मधली रेघ

साठ सालच्या सुमारास मी मॅट्रिक झाले आणि मला पाहायला पुसदहून पाहुणे दिग्रसला आमच्या घरी आले. मुलगा शाळेत मास्तर होता. तो काहीच बोलत नव्हता. त्याच्या वतीनं बोलायला त्याचे मामा आले होते. मामांनी नुकतीच नागपूरला कवळी बसवून घेतली होती आणि तेव्हापासून दुनियेतल्या सगळ्या तोंडांची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्यांना वाटत होतं.

पोहे संपल्यावर ते म्हणाले, "पोरी, दात दाखव."

बाजारात बैलाचे पाहतात तसे त्यांनी माझे दात पाहिले. मग आईकडून शिवणाचा दोरा मागवला, माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ताणून धरला आणि एक डोळा मिटला.

"वरच्या दातायची मधली रेघ, म्हंजे समोरच्या दोन दातायच्या मधली, नाकाखाली बराबर हाय. खालची डावीकडे सरकली."

"मंग?" बाबांनी विचारलं.

"मंग काय? डॉक्टरले दाखवा, पुढचं पुढे पाहू."

तोवर मी त्याच तोंडानं जेवत होते, भांडत होते. त्या संध्याकाळी आरशात ते परक्याचं वाटू लागलं.

बाबा मला मोटारीनं यवतमाळला घेऊन गेले. दातांच्या डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिलं आणि हसले. "घास नीट बसतो ना? मग झालं. दात सरळ करायला जे येतात, त्यांच्यात मधली रेघ सरकलेली इतक्यांची असते, की मला आता त्याचं काही वाटत नाही. तुम्ही आ करा बरं."

बाबांनी आ केला.

"तुमची तर मुलीपेक्षा जास्त सरकली आहे."

बाबांनी तोंड मिटलं ते मोटार सुटेपर्यंत उघडलं नाही. मग हळूच म्हणाले, "तुह्या मायले सांगू नोको."

पाहुणे पुन्हा आले. मामांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

बाबा घसा खाकरत राहिले, तशी मीच बोलले, "काही बिघडलं नाही म्हणाले. आता यांचे दात पाहू."

आई दारात थिजली. पण मुलानं मुकाट्यानं आ केला. मी दोरा धरला. त्याची खालची रेघ चांगली उजवीकडे गेली होती.

मामा उसळून म्हणाले, "माह्ये पाहा!" त्यांची रेघ मात्र दोऱ्याखाली तंतोतंत बसली.

"मामाजी, तुमचे तर इकत घेतलेले हायेत," मुलगा म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. तिथंच मी मनात होकार दिला.

लग्न उन्हाळ्यात झालं. मामा रुसून मांडवाच्या टोकाला बसले, पंगतीला येईनात. शेवटी बाबाच दोन ताटं घेऊन तिकडे गेले आणि दोघं एकमेकांशी न बोलता शेजारी बसून पोटभर जेवले.