दांडी दोन बोटं आत

नवऱ्याचं धनुष्य शिकारीचं आहे. इथे दुबईत शिकार कुठली, डोंबल! शनिवारी सकाळी शहराबाहेरच्या रेंजवर जाऊन कागदावर बाण मारायचे, एवढंच. पण कौतुक बघावं. धनुष्याच्या उजव्या अंगाला नेम धरायची साइट आणि बाण अडकवायची खोळ, त्यामुळे ते उजवीकडे कलतं, आणि ते कललं की बाणही उजवीकडेच जातो. म्हणून यानं डाव्या बाजूला एक आखूड दांडी बसवली, तिच्या टोकाला वजन. मग डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी तोच खेळ. डोळे मिटून धनुष्य उचलायचं, डोळे उघडायचे आणि साइटवरच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आहे का बघायचं. नसला तर दांडी केसभर फिरवायची. मी पोळ्या लाटता लाटता बघत असे.

गेल्या आठवड्यात पाहुणे राहायला आले. एका बेडरूमचं घर, माणसं झोपवायची कुठे आणि हे धूड ठेवायचं कुठे? कपाटात सरकवलं तर दांडी दाराला अडायला लागली. मी पान्यानं स्क्रू सैल केला, दांडी दोन बोटं आत दाबली, स्क्रू आवळला. दार लागलं, खलास! पाहुणे असेपर्यंत याचा संध्याकाळचा खेळही बंदच होता. नंतर सांगेन म्हटलं आणि पाहुण्यांच्या गडबडीत साफ विसरले.

शनिवारी रेंजवर त्याच्या जबल अलीमधल्या ऑफिसातले दोघे-तिघे होते. एकानं मला विचारलं, "भाभी, आप नहीं चलातीं?" मी बोलायच्या आधी हाच हसत म्हणाला, "अरे, ये तो सिर्फ डब्बा लाती है." माझं डोकंच सणकलं. पहाटे उठून थालीपिठं लावली होती ती कोणासाठी?

पहिला बाण उजवीकडे गेला आणि मला झटकन आठवलं. दांडी! सांगायला तोंडही उघडलं होतं. मग म्हटलं, जाऊ दे, जरा जिरू दे याची. दुसराही उजवीकडे, तिसरा तर कागदाच्या बाहेर. मंडळी हसली. मीही हसले, अगदी मनापासून. आता लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं. यानं धनुष्य खाली ठेवलं आणि डावा हात पुढे धरून बघत उभा राहिला. मी डबा उघडून सगळ्यांना थालीपीठ वाढलं.

निघताना त्यानं गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. मी चालवत असले की शेजारी बसून सारखा ब्रेक, ब्रेक ओरडणारा हा माणूस!

"काय रे?"

"तूच चालव. आज हाताला बुडबुडा मधोमध धरवेना. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी हात, मग सगळंच."

सासऱ्यांना कंपवात होता. शेवटी शेवटी चहाचा कपही आम्ही त्यांच्या तोंडाला लावायचो. पार्किंगमध्येच गाडी बंद केली आणि दांडी, कपाट, पाहुणे, सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यानं मागच्या सीटवरची धनुष्याची पेटी उघडली, दांडी निरखून पाहिली आणि असा काही सुस्कारा सोडला की मला रडूच फुटलं.

"अगं वेडाबाई, विसरलीस, त्यात रडायचं काय? आठवलं असतं तर सांगितलंच असतंस ना?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझ्याच्यानं म्हणवेना.

"पहिल्याच बाणाला आठवलं होतं मला."

"म्हणजे मी हात बघत उभा होतो, तेव्हा तुला..."

मी मान हलवली. त्यानं पेटीचं झाकण लावलं.

"तू हसलीस ना," तो म्हणाला. "ऐकलं मी."