दोरी हाताला गुंडाळायची नाही

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या डोंगरात, खेचरांच्या कंपनीत होती. जिथे गाडी जात नाही तिथे रेशन, रॉकेल, दारूगोळा खेचराच्या पाठीवरून जातो. मी हवालदार. लान्स नायक संतोष भोईर माझ्या सेक्शनमध्ये. त्याचं बिऱ्हाड मोहन्याला आमच्याच चाळीत, म्हणून जरा जास्त जवळचा. त्याच्या खेचराचं नाव मैना.

नियम सोपे. जनावराचं पाणी झाल्याशिवाय कुणाच्या मगात चहा पडायचा नाही. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही. जनावर बुजलं तर हात सुटला पाहिजे. नव्या पोरांना हे संतोष शिकवायचा. गुंडाळलेली दिसली की आई-बहीण काढायचा.

त्या सकाळी आभाळ मोकळं होतं. वरच्या वळणाच्या पुढे गेलो आणि दगड सुटायला लागले. रेडिओवर आवाज आला, “ट्रॅक पे स्लाइड है. जानवर छोडो, जवान नीचे लाओ. ओव्हर.” आम्ही दोऱ्या सोडल्या. संतोष खाली आला नाही. मोहन्यात बातमी पोचली ती अशी, की सगळ्यांनी जनावरं सोडली, भोईरने सोडलं नाही. खेचरापायी गेला.

रिटायर झाल्यावर मी टिटवाळ्याला, काळू नदीच्या बाजूला एका तबेल्यात लागलो. तिथे एक मॅडम मनाने खचलेल्या माणसांना घोड्यांसोबत वेळ घालवायला लावतात. खरारा करायचा, दोरी धरून चालायचं, गप्प उभं राहायचं. मी मनात म्हटलं, डोंबलाची थेरपी! आमची खेचरं लाथा घालायची, ते कशात धरायचं? पण तिथे माणसं घोड्याच्या मानेला डोकं टेकून रडताना बघितली आणि तोंड बंद ठेवलं.

मग एकदा मीच संतोषच्या बायकोला आणि पोरीला तिकडे घेऊन गेलो. तन्वी अकरावीत. तिने आईला एकदा विचारलेलं, “बाबांना आपल्यापेक्षा खेचर प्यारं होतं का?” सुनंदावहिनी कुकर लावायला उठल्या. तेव्हापासून पोरीने आईशी अबोला धरला. घर दहा बाय बाराचं, आणि निरोप माझ्यामार्फत. “काका, आईला सांगा, मी क्लासला चालले.” आई समोर उभी! बारावी झाली की हॉस्टेलला जाणार, परत येणार नाही, असंही मलाच सांगून झालेलं. वहिनींची झोप उडालेली.

मॅडमनी दोघींना एकच घोडी दिली, चांदी. एकीने दोरी धरायची, दुसरीने खरारा करायचा. पहिले काही रविवार दोघी घोडीच्या दोन बाजूंना. मधे चांदी शेपटीने माश्या मारतेय.

त्या रविवारी दोरी वहिनींच्या हातात होती. शेजारच्या नव्या बिल्डिंगवर ट्रकमधून पत्रे खाली टाकले. धाडकन आवाज झाला. चांदी उधळली. वहिनींनी भीतीने दोरी मनगटाला गुंडाळलेली, मला दिसलं नव्हतं. त्या फरपटत निघाल्या.

“आई, सोड! सोड ना गं!”

मी पोचायच्या आत तन्वी घोडीच्या डाव्या खांद्याशी होती. हात मानेवर, आवाज खाली. “हो, हो, चांदी. काही नाही, काही नाही.” घोडी थांबली. पोरीने आईच्या मनगटावरचे वेढे काढले. कातडी सोललेली.

“मला सोडताच येईना गं,” वहिनी म्हणाल्या.

तन्वीने ते मनगट उलटसुलट करून बघितलं. मग मला म्हणाली, “काका, बाबांनीपण गुंडाळलेली का?”

हो म्हटलं असतं तर पोरीचं समाधान झालं असतं. पण संतोषच्या बाबतीत ते खोटं.

“नाही,” मी म्हटलं. “दोरी मोकळी होती. आम्ही दोघं त्याच्या पुढे, वर अडकलेलो. मैना वळणावर मागच्या पायांवर उभी राहायला लागली. ती सुटली असती तर आम्ही दोघं खाली नाल्यात. तुझ्या बापाने तिचं डोकं डोंगराला दाबून धरलं. ‘निघा, मी धरलीय!’ म्हणाला. आम्ही त्याच्या पाठीला घासून पार झालो. मग वरून कडाच कोसळला. त्याच्यामुळे वाचलेल्या दोघांतला एक मी.”

“आईला माहीत होतं?”

“मी तेव्हाच सांगितलेलं.”

“मग बोलली का नाहीस?” हे तिने सरळ आईला विचारलं.

वहिनी म्हणाल्या, “तुझा बाप गेला, हे एक काका उरलेत. त्यांच्याकडे तू बघितलं नसतंस परत. माझ्यावर रागावलीस तर रागाव म्हटलं, मी कुठे जातेय!”

मला हे माहीत नव्हतं. वहिनी फक्त म्हणाल्या होत्या, पोरीला मी सांगेन. मी चाऱ्याच्या गोणीवर बसलो. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि ते बरंच होतं.

तेवढ्यात मॅडम चहाची किटली घेऊन आल्या. तन्वी म्हणाली, “थांबा. आधी हिचं पाणी.” हा नियम तिला मी कधी शिकवला नव्हता. बाप सुट्टीवर आला की सांगत असणार. तिने चांदीला हौदावर नेलं. दोरी तळहातात मोकळी. घोडी पोटभर प्यायली.

मग तिने आईच्या सोललेल्या हातात कप नीट धरवला. दुसरा माझ्यासमोर आणला. माझ्याकडे बघितलं, नजर न हलवता.

“घ्या ना काका. गार होईल.”

लान्स नायक संतोष भोईर, मी चहा घेतला. जनावराचं पाणी आधी झालं होतं.