भरून राहिलं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पूर्वीही नव्हता, आणि खाली लिहितो आहे ते सगळं स्वतःच्या कानांनी ऐकूनही... नाहीच म्हणेन. मागे या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं, की मोठ्या बांधकामाचा पाया माणूस मागतोच. ते वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसलो. पाया माणूस वगैरे काही मागत नाही हो! पाया नीट भरून मागतो, एवढंच. तो नीट भरला नाही की लोकांना भूत आठवतं — हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता माझ्याबद्दल थोडं. वडील कामठीला मागावर विणकाम करायचे. आमच्या नात्यागोत्यात पहिला पदवीधर मी. नगरपालिकेच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी हाताला धरून नागपूरच्या कॉलेजपर्यंत पोचवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा नागपूर जिल्ह्यातल्या एका वीज केंद्राच्या बांधकामावर मी काँक्रीटची पाहणी करणारा ज्युनियर इंजिनीअर म्हणून लागलो. नोकरी कच्ची होती. केंद्राचं नाव लिहीत नाही. कोणाची बदनामी करायची नाही.

आमचे साहेब पुण्याकडचे. आधी अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होते, म्हणून मजूर त्यांना पाठीमागे ‘अणुसाहेब’ म्हणायचे. माणूस हुशार, शिस्तीचा. खडीवर धुळीचा थर दिसला तर अख्खा ट्रक परत पाठवायचे. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

काम चाललं होतं टर्बाइनच्या पायाचं. माणसाच्या उंचीपेक्षा जाड असा काँक्रीटचा ठोकळा, आणि त्यात सळयांची इतकी दाट जाळी की वरून खालचा कोपरा दिसतच नसे. क्रेनची बकेट वरून माल ओतायची. खाली सळयांमध्ये शिरलेला माणूस व्हायब्रेटरच्या थरथरत्या जाड सुईने तो माल कोपऱ्यात बसवायचा. व्हायब्रेटर नसेल तर काँक्रीट जाळीवरच अडकतं आणि खाली पोकळी राहते. दिसत नाही म्हणून आमची रीत आवाजाची होती. वरून हाक मारून विचारायचं, खालून उत्तर आलं की क्रेन पुढे हलवायची.

पूर्वेच्या कोपऱ्यात शालिक होता. मौद्याकडचा. गावात खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, शाहिरामागे सूर धरून धरून त्याचा गळा कायमचा फाटलेला. शंभर माणसांत त्याचा आवाज ओळखू यायचा.

त्या दुपारी साहेबांनी वरून विचारलं, “शालिक, कोपरा भरला का?”

खालून तोच फाटका आवाज आला — “भरून राहिलं, साहेब!”

साहेबांनी क्रेनवाल्याला हात केला, “चला, पुढे घ्या.”

मी म्हटलं, “सर, थांबा. अजून भरतोय तो.”

“अहो रामटेके, त्याने स्वच्छ सांगितलं. भरून राहिलं. म्हणजे भरलं आणि माल तिथे राहिला.”

“नाही सर. आमच्याकडे ‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवण चालू आहे. ‘भरून राहिलं’ म्हणजे...”

“मराठी तुम्ही मला शिकवणार?” साहेब हसले. क्रेनवालाही हसला. बकेट पुढे गेली.

मी वाकून दोनदा हाक मारली, “शालिकभाऊ! ओ शालिकभाऊ!” उत्तर आलं नाही. आजूबाजूला दुसरे व्हायब्रेटर घरघरत होते. वाटलं, पलीकडून वर चढला असेल.

काही दिवसांनी कडेच्या फळ्या काढल्या. मी नेहमीप्रमाणे हातोडीने ठोकत निघालो. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. पूर्वेच्या कोपऱ्यावर आवाज आला — भद्द. पुन्हा ठोकलं. भद्द. आत पोकळ.

साहेबांनी सगळ्या गँगसमोर शालिकला उभं केलं. “खोटारड्या! भरलं म्हणून सांगितलंस ना? उद्यापासून येऊ नकोस.”

शालिक गोंधळून बघत राहिला. “मी काहून खोटं बोलू साहेब? मी तं तिथं नोतोच!”

“मी माझ्या कानांनी ऐकलं!”

“माह्या व्हायब्रेटरची सुई अडकली होती. मुकादमाले सांगून मी वर्कशॉपमंदी गेलो. इचारा ना त्याईले!”

मी विचारलं. वर्कशॉप साइटच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या मेकॅनिकने सांगितलं, “हाव ना, जेवनापासून चहापर्यंत अथीच होता. माही तंबाखू संपवली त्यानं.” तिथल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. मुकादमानेही मान्य केलं, की शालिक त्याला सांगून गेला होता आणि आम्हाला निरोप द्यायचं तो विसरला. त्या वेळी कोपऱ्यात दुसरा माणूस उतरलेला नव्हता.

मग आम्हाला उत्तर दिलं कोणी? साहेबांनी ऐकलं, मी ऐकलं, क्रेनवाल्याने ऐकलं. आवाज शालिकचाच होता. पैज लावून सांगतो.

आता खरा राग कशाचा ते ऐका. शालिकला खोटं ठरवता येत नाही म्हटल्यावर साहेबांचा सूर रात्रीतून पालटला. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “रामटेके, हा प्रकार जरा वेगळाच दिसतोय. जागेत काहीतरी बाधा असावी. मजूर घाबरलेत. एक पूजा करू, नारळ फोडू, आणि कोपऱ्यावर वरून घट्ट गिलावा करून विषय संपवू.”

धुळीसाठी ट्रक परत पाठवणारा माणूस! म्हणजे कालपर्यंत दोष मजुराचा, आज भुताचा — आपला कधीच नाही?

“सर, नारळाने पोकळी भरत नाही,” मी म्हटलं. “भूत असेल नाहीतर नसेल. पोकळी खरी आहे. यावर टर्बाइन फिरणार आहे.”

“शिकलेले आहात तुम्ही. लोकांच्या श्रद्धेचा मान ठेवायला शिका.”

“कोपरा फोडून बघितल्याशिवाय पुढच्या कामाला मी परवानगी देणार नाही.”

बोलून गेलो खरा. कच्ची नोकरी, आणि घरी माझ्यावर डोळे लावून बसलेले सगळे. साहेबांनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “फोडा. काय दिसायचं ते दिसू दे.”

छन्नी धरायला कोणी पुढे येईना. तेव्हा शालिक स्वतः आला. काढून टाकलेला असूनही सकाळपासून गेटपाशी येऊन बसला होता तो. म्हणाला, “माह्या नावानं पोकळ निघालं ना? मंग मीच फोडतो.”

भर दुपारचं ऊन. साहेब, मी, मुकादम, क्रेनवाला आणि अर्धी गँग. शालिक घाव घालत होता. वरचा थर फुटला आणि मूठभर भोक पडलं. आत काळोख. शालिकने घाम पुसला आणि लोकांना हसवावं म्हणून भोकाला तोंड लावून ओरडला, “कोन हाय गा अंदर? बाहेर ये, चहा पाजतो!”

दोनचार जण हसले.

आणि आतून आवाज आला. अगदी जवळून, दमलेला, फाटका —

“भरून राहिलं, साहेब...”

शालिक माझ्या शेजारी होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं. मी त्याच्याकडेच बघत होतो.

तो हळूच खाली बसला. म्हणाला, “हा तं मीच व्हय.”

मुकादम पळाला. साहेब पांढरेफटक पडले, पण पळाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगतो. मी दुसऱ्याकडून हातोडा घेतला. तेव्हा भीती नव्हती वाटत मला, संताप होता. भोक मोठं केलं. आत पोकळी, उघड्या सळया, सुटी खडी. हात खांद्यापर्यंत आत गेला. मागे आणि खाली घट्ट काँक्रीट. उंदीर शिरायलाही वाट नव्हती. माणूस नाही, काही नाही.

प्रतिध्वनी म्हणाल, तर शालिक बोलला वेगळं आणि आलं वेगळं. कोणी नक्कल केली म्हणाल, तर भोकातून कशी केली? नंतर मी शालिकला वर्कशॉपमधून ओरडायला लावूनही बघितलं. कोपऱ्यात काहीही ऐकू येत नव्हतं.

आम्ही तो कोपरा पूर्ण फोडला, साफ केला, नव्याने भरला. मी खाली उतरून उभा राहिलो शेवटपर्यंत. साहेबांनी गिलाव्याचं नाव पुन्हा काढलं नाही. सगळं झाल्यावर शालिकला बोलावून म्हणाले, “जाऊ दे, गैरसमज झाला. उद्यापासून ये कामावर.”

गैरसमज! ‘खोटारडा’ चाळीस माणसांसमोर म्हणायचं, आणि ‘गैरसमज’ केबिनमध्ये दार लोटून! मी तोंड उघडणार होतो, पण शालिकच बोलला.

“नाई जमत, साहेब. माहा आवाज अथी एकटाच काम करून राहिला. मंग माही हाजिरी कायले पाहिजे?”

साहेबांना ते कळलं की नाही, माहीत नाही. मला वाटलं तो थट्टा करतोय. गेटपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो, समजूत घालत. तो म्हणाला, “तुमी रागावू नका. तुमचं शिक्षन हाय, तुमी राहा अथी.” आणि मौद्याच्या बसमध्ये चढला. पुढे कोणत्याच बांधकामावर तो दिसला नाही.

नंतर साइटवर सगळे सांगू लागले, भुताच्या भीतीने शालिक पळाला. नवे आलेले इंजिनीअरही तेच सांगायचे. तेव्हा मी दर वेळी भांडलो, आजही भांडतो. भोकातून कोण बोललं ते मला ठाऊक नाही, कधी कळेल असंही वाटत नाही. पण जो कोण होता, त्याने शालिकला खोटारडा म्हटलं नव्हतं.